हळदकुंकू लागलेली पायरी

जगातल्या प्रत्येक वस्तूची घडी झालीच पाहिजे, असं आमच्या साडूंचं ठाम मत होतं, आणि या नियमाला त्यांनी आयुष्यात एकच अपवाद मान्य केला होता, तो म्हणजे आमच्या सासूबाई. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते आधी ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते. ऐंशीच्या दशकात तो कारखाना बंद पडला. बरोबरीचे लोक गेटवर बसून आता काय करायचं याची चर्चा करत राहिले, आणि साडूंनी डोंबिवलीला मानपाड्याच्या रस्त्यावर एक गाळा घेऊन लग्नामुंजीला खुर्च्या भाड्यानं द्यायला सुरुवात केली. खुर्च्या अर्थातच घडीच्या, पत्र्याच्या. "घडीची खुर्ची हा माणसानं लावलेला सगळ्यात मोठा शोध," असं ते मला नेहमी सांगत. मी एकदा भीत भीत चाकाचं नाव काढलं. "चाकाचं काय कौतुक सांगता?" ते म्हणाले, "वापरून झालं तरी ते तेवढंच्या तेवढंच राहतं!"

त्यांच्या दोन खोल्यांत पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्याला वाटायचं की या घरी नुकतीच चोरी झालेली आहे. नुसत्या भिंती, आणि भिंतींवर खिट्ट्या, कड्या, बिजागऱ्या. पाहुणा दारात आला की साडू विचारायचे, "बसणार, जेवणार, की झोपणार?" आणि उत्तराबरहुकूम भिंतीतून बाक, टेबल नाहीतर पलंग बाहेर यायचा. एकदा दिलेलं उत्तर बदललेलं त्यांना खपत नसे. मी एका रविवारी जेवायला म्हणून गेलो, मेहुणीबाईंच्या हातच्या वालाच्या बिरड्यावर आडवा हात मारला आणि जरा आडवं व्हावं म्हटलं, तर साडू गंभीरपणे म्हणाले, "तुम्ही जेवायचं बोललेलात." 'काम झालं की वस्तूनं नजरेआड व्हावं' हे त्यांचं ब्रीदवाक्य होतं आणि ते माणसांनाही लागू होतं. चहाचा कप तुम्ही खाली ठेवलात की तुमच्या खुर्चीच्या पाठीवर साडूंचा हात आलाच म्हणून समजा. वर्तमानपत्र, रुमाल, मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा, हातात येईल त्याची ते घडी करत. जेवणातसुद्धा त्यांना घडीची पोळी प्रिय, भाकरीकडे ते संशयानं पाहत. त्यांच्या एकुलत्या एका मुलीला बघायला मंडळी आली तेव्हा मुलाच्या वडिलांनी आपली टोपी भिंतीवरच्या एका खुंटीला अडकवली आणि ते तिच्याखालीच बाकावर टेकले. ती खुंटी नव्हती, पलंगाची खिट्टी होती. गादी, चादर आणि दोन उशांसकट पलंग सावकाश खाली आला आणि त्या सद्‌गृहस्थांच्या मांडीवर विसावला. आम्ही सगळे गार. ते मात्र पलंगाखालून म्हणाले, "घर लहान असलं तरी माणसं हौशी दिसतात," आणि लग्न तिथल्या तिथे ठरलं.

ते लग्न ठरलं आणि खरी पंचाईत सुरू झाली, कारण सासूबाई लग्नाला येणार नव्हत्या.

सासूबाई राहायच्या विठ्ठलवाडीला, आमच्या मेहुण्याकडे, चाळीत तळमजल्यावर. शरीर भरभक्कम, नऊवारी करकरीत, आवाज चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोन्ही गुडघ्यांनी वाकायचं कधीच सोडून दिलं होतं. स्वभावानं तर त्याही आधी. रिक्षात त्या मावत नसत, टॅक्सीत बसायला पाय दुमडावे लागत आणि स्टेशनचा जिना म्हणजे त्यांच्या दृष्टीनं हिमालय. त्यांना बाहेर न्यायचं साधन एकच होतं, साडूंचा खुर्च्या वाहायचा पिकप. त्याच्या हौद्यात सासूबाईंची सागवानी आरामखुर्ची काथ्यानं आवळून बांधायची, त्यात सासूबाईंनी पाय लांब करून बसायचं, आणि साडूंनी बैलगाडीच्या वेगानं गाडी हाकायची. विठ्ठलवाडीहून कल्याणला अशी निघालेली त्यांची स्वारी बघून रस्त्यातल्या कित्येकांनी काहीच न कळून हात जोडलेले मी पाहिले आहेत. प्रश्न फक्त चढण्याचा असे. मागचा फाळका पाडला तरी हौदा कमरेइतका उंच राही. मग साडू खाली एक घडीची खुर्ची ठेवत, तिच्यावर पाय देऊन सासूबाई वर जात.

एकदा कल्याणला एका मुंजीहून निघताना त्याच खुर्चीची, सासूबाई वर उभ्या असताना, घडी झाली. त्या पडल्या नाहीत. फाळक्याची साखळी हातात घट्ट होती म्हणून तिथेच लोंबकळल्या. मंडपवाल्याची चार माणसं धावली आणि चौघांनी मिळून त्यांना धान्याचं पोतं टाकावं तसं हौद्यात चढवलं. बँडवाले हसले. मुंजीला आलेली चांगली शिकलीसवरलेली माणसंही हसली. सासूबाईंनी पदर सारखा केला, आरामखुर्चीत बसल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "जावईबापू, चौघांनी उचलायचं ते माणसाला एकदाच असतं. ती वेळ आली की उचला. त्याच्या आधी मी या गाडीत चढायची नाही." आणि त्या खरंच चढल्या नाहीत. त्या दिवसापासून बारसं नाही, डोहाळजेवण नाही, टिटवाळ्याचा गणपती नाही. दारापाशी खुर्ची टाकून बसायच्या आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला कुणाच्या लग्नामुंजीत काय काय झालं ते विचारायच्या. साडूंनी ती दगाबाज खुर्ची गाळ्यात एका खिळ्याला वेगळी टांगून ठेवली होती. ती कधी कुणाला भाड्यानं दिली नाही. "माझ्या खुर्चीनं आईंचं हसं केलं," एवढंच म्हणायचे आणि विषय बदलायचे. साडूंची आई ते लहान असतानाच गेलेली. आई अशी हाक त्यांनी कळत्या वयात मारली ती सासूबाईंनाच. आणि कारखाना बंद पडला तेव्हा, "हातपाय आहेत ना? मग रडता कशाला?" असं त्यांना सुनावून, पहिल्या खुर्च्या घ्यायला आपल्या पाटल्या काढून देणारी बाई तीच होती.

लग्न ठरल्याचा पेढा घेऊन नात विठ्ठलवाडीला गेली आणि म्हणाली, "आजी, तू नाही आलीस तर मी बोहल्यावर चढणार नाही हां." आजीनं तिच्या तोंडावरून हात फिरवला. "तू चढ गं बाई बोहल्यावर. मला हौद्यावर चढता येत नाही, त्याला तू काय करशील?" हे ऐकून साडू जे उठले ते थेट मानपाड्याला वेल्डरकडे गेले.

गाडीला कायमची पायरी बसवून घेणं हा कुठल्याही शहाण्या माणसाला सुचणारा उपाय. तो मी सुचवलासुद्धा. मी जणू पानात भाकरी वाढली, तसे साडू माझ्याकडे बघत राहिले. "कायम बाहेर लोंबणारी? गाडी आहे का एसटी?" त्यांना हवी होती ती फाळक्याखालून ओढली की बाहेर येणारी, तिच्या पोटातून आणखी एक खालची पायरी उलगडणारी, आणि काम झालं की ढकलून आत जाणारी पायरी. बाळाराम वेल्डर तिथलाच, जुन्या गावातला. त्यानं पिकपला एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "भाऊ, ही गारी हाय का घर? हिला जिना कशाला पायजे?" पण साडूंनी सासूबाईंचं नाव सांगितल्यावर त्यानं हातातली विडी विझवली. त्याचीही आई गुडघ्यांनी अधू होती.

पहिली पायरी तयार झाली ती इतकी मोकळी की गाडीला जरासा धक्का बसला की आपोआप बाहेर. एका संध्याकाळी साडू डोंबिवलीच्या फाटकात अडकले. गाडी थांबली तशी पायरी खळ्ळकन बाहेर आली. बसची वाट बघून कंटाळलेल्या मंडळींना वाटलं, अरे वा, शेअरची गाडी सुरू झाली! साडू गाळ्यापाशी आले, फाळका पाडायला मागे गेले, तर खुर्च्या उलगडून अर्धा डझन माणसं ऐसपैस बसलेली. त्यातल्या एका बाईंनी, "अहो, ब्रेक जरा हळू मारत जा," म्हणून त्यांना वर दम दिला. दुसरी पायरी बाळारामनं घट्ट केली, तर ती बाहेर यायलाच तयार होईना, आणि साडूंनी तिला पाय लावून ओढल्यावर आली ती आत जाईना. तिसरीत स्प्रिंग होती. तिच्याबद्दल न बोललेलं बरं. त्या दोन महिन्यांत आमच्या सासुरवाडीतल्या एकूण एक पुरुषाच्या नडगीवर सारख्याच उंचीवर सारखीच जखम होती. कुठल्याही समारंभात पायजमा वर सरकला की नातं ओळखू यायचं.

पायरीची परीक्षा घ्यायचा मान माझा. सासूबाईंचं वजन किती, हे त्यांना विचारण्याची छाती घराण्यात कुणाचीच नव्हती. तेव्हा साडूंनी खुर्च्यांच्या हिशेबात अंदाज बांधला. मी अधिक माझ्या दोन्ही काखांत आणि डोक्यावर मावतील तितक्या खुर्च्या, म्हणजे आई. असा मी मानपाड्याच्या रस्त्यावर भर उन्हात वर चढत होतो, खाली उतरत होतो, आणि साडू खाली उकिडवे बसून माझ्या पायांकडे न बघता पायरीच्या सांध्याकडे बघत होते. "हलली?" "नाही." "परत चढा." अखेरीस एक दिवस पायरी गुपचूप बाहेर आली, जागेवर बसली, तिनं मला वर जाऊ दिलं आणि एका बोटाच्या धक्क्यानं ती आत गेली. बाहेरून बघणाऱ्याला गाडीला काही केलंय असा संशयही येऊ नये. साडूंनी ती इतक्या वेळा आतबाहेर केली की बाळाराम म्हणाला, "आता गारी घेऊन जा भाऊ, नायतर झिजवाल तिला इथंच."

लग्न दिवाळीनंतर होतं. त्याआधी दसऱ्याला सासूबाईंना डोंबिवलीला जेवायला आणायचं, म्हणजे त्यांची भीड चेपेल, असा बेत ठरला. दसऱ्याच्या सकाळी साडू आणि मेहुणीबाईंबरोबर मीही विठ्ठलवाडीला गेलो. पिकप झेंडूच्या माळांत बुडाला होता. आरामखुर्ची बांधून तयार होती. अख्खी चाळ बाहेर आली. साडूंनी फाळका पाडला, जादूगारासारखा खाली हात घातला आणि पायरी ओढली. चंदेरी रंगात न्हालेली पायरी बाहेर आली. दोन्ही फळ्यांवर कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक, हळदीची बोटं, अक्षता, वर आपट्याचं पान. आदल्या संध्याकाळपासून साडू याच कामात होते.

सासूबाई काठी टेकत आल्या. पायरीकडे त्यांनी खूप वेळ पाहिलं. हात टेकवला, तोच हात कपाळाला लावला. चाळीत कुणी तरी टाळी वाजवली. आणि सासूबाई तिथेच उभ्या राहिल्या.

"आई, चढा ना," साडू म्हणाले.

"कशी चढू? हळदकुंकू वाहिलंय तिला तुम्ही. पूजलेल्या वस्तूवर पाय देऊ होय मी?"

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ माणसांचे चेहरे पडताना पाहिले आहेत, पण इतक्या उंचावरून पडलेला चेहरा तो एकच. साडूंनी खिशातून रुमाल काढला. "पुसतो आई, आत्ता पुसतो."

"पुसल्यानं देव जातो? काहीतरीच."

मग चाळीत सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. कुणी म्हणालं गोमूत्र शिंपडा. कुणी म्हणालं वर टॉवेल अंथरा. एक पेन्शनर आजोबा म्हणाले, "अहो, माणसाच्या पायानं देव रागावत नाही." सासूबाई म्हणाल्या, "तो नाही रागावणार हो. मलाच लाज वाटेल." भटजींना बोलवावं तर दसऱ्याच्या दिवशी भटजी गाठणं नवरदेव गाठण्याहून अवघड. मेहुणीबाईंनी नवऱ्यालाच धारेवर धरलं, "गाडीला हार घातलात, चाकाखाली लिंबू ठेवलंत, तेवढ्यावर भागलं नसतं? पायरीवर स्वस्तिक काढायला कुणी सांगितलेलं तुम्हाला?" साडू खालच्या मानेनं म्हणाले, "अगं, या गाडीत देव असलाच तर तो तिथेच आहे गं." ते वळले, एक घडीची खुर्ची काढून रस्त्याच्या कडेला उलगडली आणि आमच्याकडे पाठ करून बसले. मला त्यांचा विलक्षण राग आला आणि तितकीच मायाही आली. दोन महिने रक्ताचं पाणी केलेल्या माणसानं आपल्याच भक्तीनं आपली वाट बंद करून घ्यावी, याला म्हणायचं तरी काय?

सासूबाई त्यांच्या पाठीकडे बघत होत्या. मग त्यांनी हाक मारली, "जावईबापू, ही आत जाते ना?"

"जाते."

"आणि परत बाहेर येते?"

"येते आई."

"मग रडता कशाला?" त्या कडाडल्या. "गणपतीची उत्तरपूजा कशी करतो आपण? अक्षता वाहायच्या आणि मूर्ती जागची हलवायची. हलवली की देव आपल्या घरी गेला, मागे राहिली ती माती. तुमचा हा देव तर आख्खाच्या आख्खा हलतो! सूनबाई, अक्षता आण गं."

अक्षता आल्या. सासूबाईंनी चिमूटभर पायरीवर वाहिल्या, 'पुनरागमनाय च' म्हटलं आणि हात जोडून डोळे मिटले. "न्या आत." साडूंनी पायरी आत ढकलली. खट्ट असा आवाज झाला. "हं, आता काढा बाहेर. आता ती नुसती पायरी." साडूंनी ती इतक्या घाईनं ओढली की पहिल्या झटक्यात निघालीच नाही. निघाली तेव्हा सासूबाईंनी काठी माझ्या हातात दिली, साखळी धरली, उजवं पाऊल खालच्या फळीवर ठेवलं, मग डावं. मग वरच्या फळीवर. मदतीला पुढे आलेला माझा हात त्यांनी नुसत्या नजरेनं बाजूला केला. हौद्यात उभ्या राहून त्यांनी एकदा सबंध चाळीकडे बघितलं, आरामखुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "आता काय, आरती ओवाळताय माझी? चला, भूक लागली." साडू पायरी आत सारायच्या निमित्तानं बराच वेळ फाळक्याआड वाकून राहिले. डोळ्यात ग्रीस गेलं म्हणाले. दोन्ही डोळ्यांत एकदम गेलं होतं.

नातीच्या लग्नात ठाण्याच्या हॉलपुढे सासूबाई एकट्या, कुणाचा हात न धरता उतरल्या, तेव्हा बँडवाल्यांनी आपण होऊन त्यांच्यासाठी वाजवलं. नंतरची कितीतरी वर्षं त्या आरामखुर्चीनं कल्याण-डोंबिवलीतली एकही मुंज सोडली नाही. साडू दर दसऱ्याला पायरीला हळदकुंकू वाहायचे आणि सासूबाई अक्षता टाकून ती एकदा आतबाहेर करायला लावायच्या. घरातल्या मुलांना तर वाटे की जगात सगळीकडे दसरा असाच करतात.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा सासूबाई साडूंकडेच राहायला आल्या होत्या. त्यांच्यासाठी साडूंनी भिंतीतला पलंग खाली पाडला तो पुन्हा कधी वर केला नाही. एका सकाळी झोपेतच त्या गेल्या. स्मशान लांब, खांद्यावरून तिथवर नेणं शक्य नव्हतं, तेव्हा पिकपच आणला. चौघं पुढे झालो. त्या म्हणाल्या होत्या तशी ती वेळ आली होती. साडूंनी फाळका पाडला, खाली वाकले आणि नेहमीसारखी पायरी ओढून बाहेर काढली. बाळारामही आला होता. तो हळूच म्हणाला, "भाऊ, आता पायरी कशाला?" साडू म्हणाले, "आई चढतायत ना." आम्ही त्यांना जपून वर ठेवलं आणि सगळे मागे चढून बसलो.

काम झालं की वस्तूनं नजरेआड व्हावं, असं जन्मभर सांगणारा हा माणूस त्या दिवशी पायरी आत सारायला विसरला. सबंध रस्ता ती तशीच बाहेर होती. मला ते दिसत होतं, पण सांगवेना. स्मशानापाशी उतरताना माझी नडगी तिच्यावर सणसणीत आपटली, अगदी त्याच जुन्या जागी. इतका वेळ आवरून धरलेलं मला मग आवरलं नाही. साडूंनी माझा दंड धरला. "लागलं का हो?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. ते खाली वाकले, पायरीवर हात ठेवला, तोच हात कपाळाला लावला, आणि तिला जागची न हलवता तशीच राहू दिली.